सहा खाली, एंटर

यादी दोन वर्षांपासून कापलेली होती आणि ज्याने कापली त्यालाच त्याचा पत्ता नव्हता. पाणीखात्याच्या वेबसाइटवर रोजच्या सूचना चढवायचा एडिटर धाकट्याने एकट्याने सहा महिने खपून तयार केला होता. धाकटा म्हणजे घरातला धाकटा. खात्यात तो कंत्राटावर होता आणि सगळे त्याला कंप्युटरवाला म्हणत, पण घरात चौतिशी उलटली तरी तो धाकटाच राहिला.

एडिटरमध्ये एक चौकट होती. तिच्यावर क्लिक केलं की खाली यादी उलगडायची. पाणीपुरवठा नियमित, पाणीपुरवठा कमी दाबाने, पाणीपुरवठा उशिरा, पाणीपुरवठा बंद, पाणीपुरवठा सुरू पण उकळून प्या, आणि सर्वांत शेवटी, पाणीपुरवठा सुरू पण पिऊ नका. यातलं एक निवडायचं, भाग निवडायचा, बटण दाबायचं, की सूचना वेबसाइटवर आणि त्या भागातल्या सगळ्या फोनांवर एकदम जायची. देखणं काम होतं. कोपरे गोल, रंग सौम्य, कुठे काही सांडलेलं नाही. न सांडण्यासाठीच धाकट्याने एक ओळ लिहिली होती, की चौकटीच्या बाहेर जे जाईल ते दिसू नये. त्याच्या स्वतःच्या टेबलावर हातभर रुंद पडदा होता, त्यावर सहाच्या सहा नीट दिसत. दुसऱ्या मजल्यावर सूचनांच्या टेबलावर जुने, बुटके पडदे होते. तिथे चार दिसत आणि खालची दोन कापली जात. नेमकी तीच दोन, जी न दिसून भागणार नव्हतं.

त्या टेबलावर सकाळच्या पाळीला त्याची वहिनी बसायची.

वहिनीबद्दल सांगायचं तर धाकट्याला तिने वाढवलं असं म्हणायला हरकत नाही. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि दादाचं लग्न होऊन चार महिने झाले होते. शेंबडं पोर ते, पण तिने पहिल्या दिवसापासून त्याला भाऊजी म्हटलं, अहो-जाहो केलं, आणि आजतागायत त्यात खंड पडू दिला नाही. त्याची चूक तिने कधी तोंडावर काढली नाही. शर्टाला शाईचा डाग पडला तर सकाळी शर्ट धुतलेला मिळे. प्रगतिपुस्तकात लाल रेघ आली तर ती दादाच्या नजरेला पडण्याआधी सही करून टाके. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं आवडतं वाक्य होतं आणि घरातल्या सगळ्यांच्या मुठी तीच झाकत होती. दादा वीजजोडणीची कामं करायचा, दिवसभर शिडीवर. घरात काय काय झाकलं जातं हे त्याला बहुतेक कळत असावं, पण तो बोलायचा नाही.

तर खात्याचे साहेब एका सोमवारी दुपारी फेरीवर निघाले. असे साहेब वर्षातून दोनदा खाली उतरतात, एरवी उंटावरून शेळ्या हाकतात. वहिनीची पाळी संपली होती. दुपारच्या पाळीला चिमणी होती. तिचं खरं नाव काहीही असो, आवाज इतका बारीक की टेबलावर तिला चिमणीच म्हणत. तिच्या पडद्यावर यादी उघडी होती. साहेबांनी वाकून पाहिलं, चार नावं मोजली, खाली अर्धं कापलेलं पाचवं पाहिलं आणि फोनने फोटो काढून धाकट्याला पाठवला. खाली लिहिलं, हे काय आहे?

धाकट्याचे कान गरम झाले. महिनाअखेरीस त्याला कायम करण्याचा कागद निघणार होता, तो साहेबांच्याच टेबलावर होता. त्याने ती ओळ शोधली आणि काढून टाकली. अर्ध्या मिनिटाचं काम. यादी मोकळी झाली, बुटक्या पडद्यावरही सहाच्या सहा दिसू लागली. इथे थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण माणसाला लाज वाटली की तो गरजेपेक्षा जास्त काम करतो. त्याच्या मनात आलं, धोक्याच्या सूचना शेवटी कशाला? घाईत हात आधी त्यांच्यावर पडायला हवा. म्हणून त्याने पिऊ नका पहिलं केलं, उकळून प्या दुसरं, बंद तिसरं, आणि नियमित, कमी दाबाने, उशिरा हे साधं त्रिकूट खाली ढकललं. पाच वाजायला वीस मिनिटं असताना बदल चढवला, सगळ्या कर्मचाऱ्यांना यादी सुधारल्याचा एक मेल टाकला आणि साहेबांना कळवलं की झालं. साहेबांनी अंगठा पाठवला.

एक प्रश्न त्याला पडायला हवा होता. दोन वर्षं यादीत ही दोन नावं दिसत नव्हती, तर या बायका ती निवडत कशा होत्या? वर्षाकाठी वीसेक वेळा तरी उकळून प्या जात होतं आणि दर वेळी बरोबर जात होतं. हा प्रश्न त्याला पडला नाही. घरी जेवताना तो वहिनीला काही बोललाही नाही, कारण कापलेली यादी तिने पाहिली असणार आणि आपलं हसं झालं असणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला टाकीमागच्या वस्तीतून पाहणीवाल्याचा फोन आला. गटाराची नळी फुटून पाण्याच्या नळीत मिसळत होती आणि झडप गंजल्यामुळे बंद होत नव्हती. पाणी पिऊ नका, लगेच कळवा. वहिनीने फोन खांद्याने कानाशी धरला, भाग निवडला, सूचना टाकली आणि पाहणीवाल्याला सांगितलं, गेली. वस्तीतल्या नऊशे फोनांवर एकाच वेळी संदेश आला की आज पाणीपुरवठा उशिरा होईल.

पाणी उशिरा येणार म्हटल्यावर माणसं काय करतात? नळाला धार आहे तोवर भरून घेतात. हंडे, बादल्या, बाटल्या, पातेली. त्या सकाळी वस्तीने रोजच्यापेक्षा दुप्पट पाणी भरून ठेवलं आणि दिवसभर पुरवून पुरवून प्यायलं. साडेअकराला एका बाईने फोन करून विचारलं की उशिरा येणार म्हणाला होतात, ते तर वेळेवर आलं, पण त्याला वास कसला येतोय. तेव्हा कुठे कळलं. चूक सुधारून नवी सूचना गेली, गाडीवर कर्णा लावून माणूस फिरवला, पण तोवर बरंचसं पाणी पोटात गेलं होतं. दोन दिवसांत सव्वीस जण आजारी पडले. पंचवीस जण घरच्या घरी सावरले. सात वर्षांची एक मुलगी दवाखान्यात होती आणि तिच्या अंगातलं पाणी टिकत नव्हतं.

एडिटरच्या नोंदीत सूचना कोणी टाकली, किती वाजता टाकली आणि कोणती टाकली हे लिहिलेलं असतं. ते धाकट्यानेच केलं होतं, आणि चांगलं केलं होतं. नोंदीत वहिनीचं नाव होतं. साहेबांनी तिला घरी बसवलं आणि पुढच्या सोमवारची चौकशी लावली. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर एकवीस वर्षांची नोकरी जाणार होती, आणि नोकरीपेक्षा मोठं म्हणजे त्या मुलीचं दुखणं कायमचं तिच्या नावावर लागणार होतं.

धाकट्यानेही नोंद पाहिली. त्याचा बदल संध्याकाळचा, चूक सकाळची. पण मग त्याने स्वतःची समजूत घातली की बदलाने यादी उलट स्पष्ट झाली, पिऊ नका तर सगळ्यांत वर होतं, आंधळ्यालाही दिसावं असं. म्हणजे वहिनीचीच नजर चुकली. ही समजूत त्याला इतकी सोयीची वाटली की त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तो तिला म्हणालाही, जरा वरच्या पट्टीतच, की वहिनी, यादी तर आता पूर्ण दिसत होती.

ती भांडी पुसत होती. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. "हो, भाऊजी," ती म्हणाली. "दिसत होती. माझंच लक्ष नव्हतं."

त्या पाहण्यात काय होतं ते त्याला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी दवाखान्यात जाऊ लागली. आत जायची नाही. मुलीच्या खोलीबाहेर बाकावर बसायची, तासाभराने उठून यायची. दादा तिला घ्यायला जायचा आणि दोघं चालत परत यायची.

शुक्रवारी दुपारी चिमणी धाकट्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. सूचनांच्या टेबलाच्या खणात असायची, ती म्हणाली, नव्या माणसाला आम्ही ही वाचायला देतो. मग ती निघून गेली.

वहीत वहिनीचं अक्षर होतं. पहिल्या पानावर तारीख, दोन वर्षांपूर्वीची, एडिटर सुरू झाला त्याच आठवड्यातली. खाली लिहिलं होतं: यादी खालून कापलेली आहे. शेवटची दोन दिसत नाहीत. माउस वापरू नये. बाणाचं बटण मोजून दाबावं. बंद म्हणजे चार खाली, एंटर. उकळून प्या म्हणजे पाच खाली, एंटर. पिऊ नका म्हणजे सहा खाली, एंटर. निवडल्यावर चौकटीत फक्त पाणीपुरवठा एवढंच दिसतं, पुढचं दिसत नाही, म्हणून मोजताना बोलू नये. आणि त्याखाली, रेघ मारून: कुणाला सांगू नये.

धाकट्याने ते तीनदा वाचलं. मग त्याने नवी यादी उघडली आणि बोटाने मोजलं. सहा खाली, उशिरा.

आपण केवढं मोठं गाढव आहोत हे कळायला माणसाला कधी कधी आपल्याच घरच्यांचं अक्षर वाचावं लागतं. दोन वर्षं तीन पाळ्यांतल्या तीन बायका रोज मनातल्या मनात आकडे मोजत होत्या, ते त्याची अब्रू राहावी म्हणून. आता त्यानेच न विचारता आकडे बदलले होते, आणि वर तिलाच विचारलं होतं की यादी दिसत नव्हती का. रोग रेड्याला अन् औषध पखालीला म्हणतात, त्यातली पखाल घरी भांडी पुसत होती.

तरी तो लगेच उठून साहेबांकडे गेला असं नाही. खोटं कशाला सांगा. त्याने वही पिशवीत टाकली, शनिवारचा अख्खा दिवस घालवला आणि कायम होण्याचा कागद आठवत राहिला. रविवारी सकाळी वहिनी दवाखान्यात गेलेली असताना त्याने वही दादासमोर ठेवली. दादाने पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग मिटून परत दिली.

"तुला माहीत होतं?" धाकट्याने विचारलं.

"तिने मंगळवारीच सांगितलं. म्हणाली, भाऊजींना कळू देऊ नका, महिनाअखेर आहे." दादाने खिडकीबाहेर पाहिलं. "ती तुझ्यासाठी गप्प बसली. तू आता कुणासाठी गप्प बसलायस?"

बावीस वर्षांत दादा त्याला इतकं लागेल असं कधी बोलला नव्हता.

सोमवारी चौकशी सूचनांच्या टेबलापाशीच झाली. साहेब होते, मुख्य कचेरीतून आलेल्या एक बाई होत्या, चिमणी भिंतीला टेकून उभी होती. वहिनीने आधीच लेखी जबाब दिला होता, तो बाईंनी वाचून दाखवला. यादी माझ्यासमोर होती, फोनवर बोलण्याच्या नादात मी चुकीचं निवडलं, दुसऱ्या कुणाचा दोष नाही. साहेब मान डोलवत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर संन्यासी इतका समजूतदार रोज मिळत नाही.

धाकट्याला फक्त कंप्युटर चालू करायला बोलावलं होतं. त्याने चालू केला. मग साहेबांना म्हणाला की बदल करण्याआधी एडिटर जसा होता तसा मी इथे उघडलाय, सराव म्हणून आहे, बाहेर काही जात नाही. आपण यातून पिऊ नका निवडून दाखवाल का?

साहेब हसत खुर्चीत बसले. माउस धरला, यादी उघडली, चार नावं वाचली. पान वर केलं, खाली केलं. खिशातून चष्मा काढून लावला. हसू मावळलं. मिनिटभराने त्यांनी माउस सोडला आणि म्हणाले, इथे नाहीच आहे ते.

"आहे," धाकटा म्हणाला. "वहिनी, तू दाखव."

"भाऊजी, राहू द्या," वहिनी म्हणाली. हळू, त्याच्यापुरतं.

"दाखव."

ती बसली. बराच वेळ हात मांडीवरच होता. मग दोन वर्षांच्या सवयीचा हात आपण होऊन वर आला आणि बाणाचं बटण सहा वेळा वाजलं, एकसारखं, आणि एंटर. चौकटीत पाणीपुरवठा एवढंच दिसलं. धाकट्याने सूचना उघडून दाखवली. पाणीपुरवठा सुरू पण पिऊ नका. मग त्याने नवा एडिटर उघडला आणि तेच पुन्हा करायला सांगितलं. सहा वेळा बटण, एंटर. उशिरा.

त्याने वही बाईंच्या हातात दिली आणि जे होतं ते सांगितलं. ओळ त्याची, यादी त्याची, क्रम बदलला तो त्याने, टेबलावर येऊन विचारलं नाही ते त्याने, मेल टाकून हात झटकले ते त्याने. साहेब म्हणाले की मलाही फोटोच्या पुढे विचारायला हवं होतं. हे त्यांनी नंतर अहवालात लिहिलं नाही, पण म्हणाले खरं.

वहिनीला लेखी समज मिळाली आणि ती मंगळवारपासून टेबलावर परत आली. धाकट्याचा कागद निघाला नाही. कंत्राटही महिन्याच्या शेवटी संपेल, पुढे वाढणार नाही, असं कळवण्यात आलं. त्याला वाईट वाटलं आणि हलकंही वाटलं. वहिनीचं नाव तरी सुटलं, असं तो स्वतःला सांगत होता.

मुलगी नवव्या दिवशी घरी गेली. त्या दुपारी वहिनी पहिल्यांदा खोलीच्या आत गेली होती आणि तिने मुलीच्या आईला सांगितलं होतं की ती सूचना मी टाकली. घरी आली ती थेट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसली. धाकटा तिथेच बसला होता. दादा शिडीची दोरी गुंडाळत दारात उभा होता.

"काय म्हणाली?" धाकट्याने विचारलं.

"ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं." वहिनीने पदराने तोंड पुसलं. "सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, तुम्हाला दोन वर्षं दिसत नव्हतं, तर कुणाला सांगितलं का नाही?"

धाकटा घाईने म्हणाला की तुझी यात काही चूक नाही, चौकशीत झालंय ते सिद्ध.

"अर्ध्या मिनिटाचं काम होतं, भाऊजी. तुम्हीच म्हणालात तिथे, सगळ्यांसमोर. पहिल्या आठवड्यात तुम्हाला हाक मारून दाखवलं असतं, तर अर्ध्या मिनिटात झालं असतं. मला वाटायचं मी तुम्हाला सांभाळते. ती पोर नऊ दिवस तिथे पडली होती, ती माझ्या सांभाळण्यापायी."

दादाने दोरी खाली ठेवली. धाकट्याला वाटलं तिचा हात धरावा, पण बारा वर्षांचा असल्यापासून त्याने तसं कधी केलं नव्हतं, आणि आत्ता धरला तर ती रडेल, तिला ते चालणार नाही, हेही त्याला माहीत होतं.

तिने पिशवीतून निळी वही काढली. ती मुख्य कचेरीतून परत आली होती, वर शिक्का मारून. तिने चष्मा लावला आणि पहिलं पान उलटलं.

"एक तर झालं," ती म्हणाली. "पण ती चौकट अजून अरुंदच आहे. निवडलेलं पूर्ण वाचता येत नाही. ते दोन. तीन, तारीख उलटी पडते. चार, दोन भागांची नावं सारखी दिसतात, आम्ही खूण म्हणून पडद्यावर चिकटपट्टी लावलीय."

"किती आहेत?" त्याने विचारलं.

तिने पानं चाळून शेवटचा आकडा पाहिला. "सतरा."

बावीस वर्षांत तिने त्याची चूक पहिल्यांदाच तोंडावर काढली होती, आणि ती एकामागून एक काढत निघाली होती. त्याने कागद ओढला आणि पेन उघडलं. नोकरीचे चार दिवस उरले होते. "दोनपासून पुन्हा सांग," तो म्हणाला, "सावकाश," आणि लिहून घेऊ लागला.